दिवाळीच्या सुट्टीत वेबसिरीज आणि पुस्तके यांचा मेळ कसा घालावा?

पाचपाखाडीकर
नमस्कार. गेल्या दिवाळीत मला सलग पाच दिवस सुट्टी होती. तरीही काढून ठेवलेल्या तीन पुस्तकांपैकी एकही पंचवीस पानांपुढे सरकले नाही, कारण रोज रात्री ‘एकच भाग’ म्हणून लावलेली वेबसिरीज पहाटे दोनपर्यंत चालत असे आणि दुपारी पुस्तक उघडले की फराळाच्या सुस्तीने डोळे मिटत. कहर म्हणजे त्या सिरीजमधील नायकाचे नावही आज मला आठवत नाही. यंदा पाहणे आणि वाचणे या दोन्हींचा आनंद मिळावा, यासाठी आपल्यापैकी कोणी काही क्रम पाळता का?

घोडबंदरची वाचक
मी एकाच कथेचे पुस्तक आणि पडद्यावरचे रूप पाठोपाठ घेते. त्यामुळे दोन्हींत ओढाताण होत नाही. गेल्या वर्षी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ दोन दुपारींत वाचली आणि तिसऱ्या रात्री अमोल पालेकरांनी त्यावर केलेला चित्रपट पाहिला, ज्याची पटकथाही माडगूळकरांचीच आहे. मास्तर म्हणून नेमणूक झालेला तरुण अंधारातच वाडीची वाट धरतो, तो माळ वाचताना मी माझ्या मनाने रंगवला होता. चित्रपट आधी पाहिला असता, तर तिथे दुसऱ्याने रंगवलेलाच माळ दिसत राहिला असता. म्हणून पुस्तक आधी, हा माझा हट्ट आहे.

मुलाच्या बाबतीत मात्र हा हट्ट मी गुंडाळून ठेवला. आर. के. नारायण यांच्या कथांवर शंकर नाग यांनी केलेली ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शनची मालिका त्याला आधी दाखवली. तिचा भाग अर्ध्या तासातच संपतो आणि बहुतेक वेळा गोष्टही तिथेच पूर्ण होते, त्यामुळे ‘पुढे काय’ या ओढीने जागरण होत नाही. त्यातील स्वामी या शाळकरी मुलाचे भाग पाहून झाल्यावर त्याने पुस्तक स्वतःहून मागितले.

नौपाड्याचे आजोबा
आपण दोघांनीही दिवाळी अंकांचे नाव काढले नाही, याचे नवल वाटले. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची या सुट्टीतील वाचनाची सोय झालेली आहे. एक कथा, मग चकली, मग व्यंगचित्रे, असे तुटक वाचले तरी अंक रुसत नाही. पाचपाखाडीकरांच्या सुस्तीला तर तो फारच मानवेल. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय असताना वाचायला काय आणावे, हा प्रश्न पडूच नये.

आमच्या इमारतीत आठ घरे प्रत्येकी एक अंक विकत घेतात आणि दर चार दिवसांनी तो शेजारी जातो. गेल्या वर्षी रहस्यकथांचा अंक माझ्याकडे सहाव्या क्रमांकाने आला, तेव्हा पहिल्याच कथेच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीने ‘खुनी माळीच आहे’ असे लिहून ठेवले होते, आणि शेजारी चिवड्याच्या तेलाचा अंगठा उमटला होता.

पाचपाखाडीकर
आपणा दोघांचे आभार. ‘बनगरवाडी’ कपाटातून काढून उशाशी ठेवली आहे आणि चित्रपट भाऊबीजेच्या रात्रीसाठी राखून ठेवतो. अंकांची योजना आमच्या मजल्यावर आजच मांडतो. रहस्यकथांचा अंक मात्र सर्वप्रथम माझ्याकडेच येईल, अशी अट घालणार आहे.