Re: Re: रविवारचा तक्ता – 'घालणे'ची ओळ

काकू (वर्ग समिती):
जपानी वर्गातल्या नवख्यांचा शब्दतक्ता उद्या संध्याकाळी छापायचाय आणि त्यात "घालणे = किरु" अशी एकच ओळ? कोणी उरकली? किरु फक्त वरच्या किंवा अख्ख्या अंगाला: शर्ट, स्वेटर, कोट, किमोनो. पँट, मोजे, बूट यांना हाकु. टोपीला काबुरु, चष्म्याला काकेरु. मफलर, टाय, हातमोजे यांना सुरु चालेल. काढताना शर्ट, बूट, टोपी तिन्हींना नुगु, पण चष्मा-घड्याळाला हाझुसु. अंगात कोट आहे हे सांगायचं तर "किते इमासु". "किमासु" म्हणजे घालते किंवा घालणार.

ग्रंथालयवाले काका:
ओळ मीच केली. पान एकच आहे, आणि "कुत्सु ओ किमासु" (बुटांना किरु) म्हटलं तरी दुकानातल्याला कळतं की! नवख्यांवर पहिल्याच दिवशी पाच क्रियापदं कशाला?

काकू:
कळतं. "साडी घातली"सुद्धा आपल्याला कळतं, पण नेसणं ते नेसणंच ना? (हो, जपानीत साडीला किरु, आधीच सांगते.) दुकानात तर हे लागतंच. घालून बघू का, हे विचारायला कपड्यांना "शिचाकु शितेमो ई देसु का", बुटांना "हाइते मितेमो ई देसु का". आणि किरु म्हणजे कापणंही. "किते कुदासाइ" म्हणजे घाला, "कित्ते कुदासाइ" म्हणजे कापा. तो त्त नीट अडखळून म्हणायचा, नाहीतर शर्टाला कात्री.

योकोहामाची ताई:
कपड्यांवर भांडताय, वरचा हवामानाचा भाग वाचलात का? "काल थंडी होती"ला "सामुइ देशिता" छापलंय. सपशेल चूक. "सामुकात्ता देसु" हवं. भूतकाळ विशेषणाला लागतो, देसु ("आहे") तसंच राहतं. नळाचं पाणी सामुइ नसतं, त्सुमेताइ असतं: हवेला सामुइ, हाताला लागतं ते त्सुमेताइ. उलट आत्सुइ उन्हाळ्यालाही आणि चहालाही, फक्त कांजी (लिहायचं चित्राक्षर) वेगळी. आणि ढग बघून "फुरिसो देसु", बातम्यांत ऐकून "फुरु सो देसु" (पाऊस येणार म्हणे). तक्त्यात दोन्हींचा अर्थ "पाऊस येईलसं दिसतं" दिलाय. एका रु-रिने अर्थ बदलतो हो.

काका:
रु-रि मान्य. पण "त्सु" का? आपल्या चुलीतला च तोच की. "चुमेताइ" लिहा, जागाही वाचेल.

ताई:
आणि शिचाकुतला चा? तो "चार"मधला. एकाच अक्षराने दोन्ही लिहिलंत तर मुलं चुंबकासारखं चुमेताइ म्हणतील. त्सु राहू दे. देसुचा शेवटचा उ मात्र गिळायचा, तिथे कंस करा.

निशी-कासाई (टोकियो) पालक गट:
1 जून तोंडावर आलाय. बऱ्याच शाळांत त्या दिवशी कोरोमोगाए (गणवेशबदल), म्हणजे नात्सुफुकु (उन्हाळी गणवेश) सुरू. 1 ऑक्टोबरला परत फुयुफुकु (हिवाळी). नोटिशीत हांसोदे (अर्ध्या बाह्या) आणि नागासोदे (पूर्ण बाह्या) हेच शब्द येतात, ते घाला. किमोनो काढलात तरी चालेल.

काकू:
किमोनो काढला, बाह्या आल्या. क्रियापदं पाचही राहतील, अक्षर बारीक करते. काका, लॅमिनेशनचे पाउच हळदीकुंकवापासून तुमच्याकडेच आहेत ना?

काका:
माझ्याकडे A3चे आहेत. तक्ता A4.