प्रत्येक टेबलला आयडी चिकटवायची सवय सोडा

ओळखपाळख (धागाकर्ता):

हल्ली कोणाच्याही डेटाबेसातलं नवं टेबल उघडा, पहिला कॉलम ठरलेला. आयडी, ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप पुढे सरकणारा नंबर), प्रायमरी की (प्रत्येक ओळ जिच्यावरून ओळखायची ती). टेबल कशाचं आहे हे ठरायच्या आधी की ठरलेली असते! मुलाखतीत विचारलं, प्रायमरी की म्हणजे काय, तर 'युनिक आणि नॉट नल', म्हणजे एकमेव आणि कधी रिकामी नाही, हे पाठ असतं. पुढे विचारावं, की बाबा रे, या टेबलातली एक ओळ दुसरीपेक्षा वेगळी कशामुळे? तर उत्तर, 'आयडीमुळे'. इथे माझं डोकं फिरतं.

एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर बघायला गेलो होतो. दहा दिवसांच्या बिलात काही सभासदांना जास्त पैसे गेले होते. टेबलात हे सापडलं (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ):

४८२११ | सभासद २१७ | १२ जून | सकाळ | ८.४ लिटर | फॅट ३.८ | एसएनएफ ८.५
४८२१२ | सभासद २१७ | १२ जून | सकाळ | ८.४ लिटर | फॅट ३.८ | एसएनएफ ८.५

नेट अडकलं, ऑपरेटरने सेव्ह पुन्हा दाबलं. आयडी वेगळा म्हणजे डेटाबेसच्या लेखी नोंदी दोन. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (आपल्या टेबलवाल्या डेटाबेसचा पाया) मांडलं तेव्हा रिलेशन म्हणजे ओळींचा संच असं धरलं, आणि संचात तीच गोष्ट दोनदा येत नाही. आपण काय करतो, तर डुप्लिकेटला रीतसर नंबर देऊन आत बसवतो.

सभासद, दिनांक आणि वेळ या तिन्हींची मिळून कंपोझिट प्रायमरी की केली असती तर दुसरी ओळ तिथल्या तिथे परत गेली असती. बोला.

बॅकएंडकर:

निदान बरोबर, औषध चुकीचं. दोष आयडीचा नाही, युनिक कन्स्ट्रेंट (या कॉलमांत तीच जोडी पुन्हा येऊ देऊ नको, असा नियम) लावला नाही त्याचा आहे. एका टेबलाला कँडिडेट की, म्हणजे ओळ एकमेव ठरवू शकणारे कॉलम-गट, कितीही असू शकतात. त्यातली एक प्रायमरी म्हणून निवडायची, उरलेल्यांवर युनिक लावायचा. आयडी ठेवा आणि त्या तीन कॉलमांवर युनिक टाका, तुमची दुसरी ओळ तेवढ्याच जोरात आपटेल.

आता तुमच्या तीन कॉलमी कीचं पुढे काय होतं ते बघा. उद्या 'फेरतपासणी' नावाचं टेबल आलं की त्यात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी की) म्हणून तिन्ही कॉलम न्यायचे. त्याच्या खालच्या टेबलात परत तिन्ही. दोन टेबलं जोडायच्या प्रत्येक जॉईनला तीन अटी, आणि एखादा पठ्ठ्या वेळेची अट विसरला की सकाळच्या नोंदीला संध्याकाळची फॅट. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनमध्ये तर प्रत्येक दुय्यम इंडेक्सच्या (ओळी पटकन शोधायच्या सूचीच्या) पोटात प्रायमरी कीची प्रत असते. की रुंद, तर सगळे इंडेक्स रुंद.

आणि मुख्य म्हणजे नैसर्गिक की, म्हणजे व्यवहारातल्याच माहितीची केलेली की, बदलते. ज्यांनी जिल्ह्याचं नाव की म्हणून वापरलं त्यांनी २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाल्यावर काय केलं असेल? मग अहिल्यानगर. शाखेच्या टेबलाला आयएफएससी ही की घेतलेल्यांचंही तेच. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बडोदा बँकेत विलीन झाल्या, पुढे त्या शाखांचे कोड बदलले. शाखा तीच, गल्ली तीच, की नवी. मोबाइल नंबरबद्दल तर बोलायलाच नको, बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. मग जुन्या ग्राहकाची उधारी नव्याच्या नावावर.

ओळखपाळख:

की बदलली तर 'ऑन अपडेट कॅस्केड' आहे की. वरच्या टेबलात बदला, खालच्या ओळी आपोआप बदलतात.

बॅकएंडकर:

ओरॅकल डेटाबेसमध्ये लावून दाखवा. तिथे 'ऑन डिलीट कॅस्केड' आहे, 'ऑन अपडेट' नाही. आणि जिथे आहे तिथेही खाली काही लाख ओळी असतील तर तो एक बदल टेबल किती वेळ अडवून ठेवेल ते भर दुपारी करून बघा (ह. घ्या.).

जुना खतावणीवाला:

दोघांनाही एक विचारतो. सभासद क्रमांक २१७ 'नैसर्गिक' कसा? तो कधीतरी सचिवाने रजिस्टरात पुढची ओळ धरून दिला. ऑटो-इन्क्रिमेंटच तो, फक्त शाईचा. कॉड यांच्या त्या १९७० च्या लेखातही उदाहरणं आहेत ती पार्ट नंबरची, आणि पार्ट नंबर काय झाडाला लागतात? माणसानेच दिलेले. नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम हे भांडण मला नेहमीच थोडं पोकळ वाटतं. विचारायचं ते हे, की नंबर कोण देतो, कोण सांभाळतो, आणि तो काउंटरच्या बाहेरच्या माणसाला माहीत आहे का. २१७ हा नंबर सभासदाच्या कार्डावर आहे, तो चुकला तर सभासद स्वतः येऊन सांगेल. ४८२११ चुकला तर कोणाच्या बापाला कळणार?

अवांतर: सरोगेटचा, म्हणजे आयडीसारख्या यंत्राने दिलेल्या कृत्रिम कीचा, विचार खुद्द कॉड यांनी १९७९ च्या लेखात केला आहे. पण त्यात अट अशी, की सरोगेटची किंमत वापरणाऱ्याला कधी दिसायची नाही. आपल्याकडे तोच आयडी पावतीवर छापतात, आणि मग लोक फोनवर तोच सांगतात. एकदा छापला की तो सरोगेट उरला कुठे!

गोठ्यावरून:

माझ्या चुलत्यांचं केंद्र आहे म्हणून मध्ये तोंड घालतो. धागाकर्ते, तुमची की पहिल्याच दिवशी फुटली असती. एकाच सभासदाकडे गाय पण असते आणि म्हैस पण. दोन्ही दुधं वेगळी मोजतात, फॅट वेगळी, दर वेगळा. एकाच सकाळी २१७ च्या दोन नोंदी रोजच्या असतात. तुमच्या तीन कॉलमांच्या कीने म्हशीचं दूध घेतलंच नसतं आणि रांगेतल्या बायांनी ऑपरेटरला सोलून काढला असता.

बॅकएंडकर:

+१. हेच म्हणत होतो. धंद्याचा एक नियम कळला नाही म्हणून प्रायमरी की बदलायची आणि तिच्यावर उभी असलेली सगळी टेबलं उकलायची? युनिक असता तर एक कन्स्ट्रेंट काढून चार कॉलमांचा घातला, काम संपलं. आयडी हलला नाही, फॉरेन की हलल्या नाहीत.

ओळखपाळख:

गोठ्यावरून, दादा, तुमच्या प्रतिसादाने माझंच म्हणणं पुढे गेलं. तुम्हाला आक्षेप घेता आला कारण मी की उघड मांडली होती. ज्याने ते टेबल बनवलं त्याला गाय-म्हैस हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, कारण आयडी लावला की विचारायला काही उरत नाही. कँडिडेट की शोधायची म्हणजे केंद्रावर जाऊन उभं राहायचं, बारदान आणि कॅन बघायचे. बॅकएंडकर म्हणतात युनिक लावा. लावतं कोण? प्रायमरी कीशिवाय टेबल केलं तर निदान टूल कुरकुरतं. युनिक विसरला तर कोणीच कुरकुरत नाही.

शिकाऊ:

मी नवीन आहे, पण आमच्याकडे साधारण असंच टेबल आहे. आयडी आहे. 'दूध प्रकार' हा कॉलम नंतर जोडला, जुन्या ओळींत तो नल आहे. आता चार कॉलमांवर युनिक टाकला तर चालेल ना? पोस्टग्रेस डेटाबेस वापरतो.

जुना खतावणीवाला:

कन्स्ट्रेंट बसेल आणि तुम्हाला वाटेल काम झालं. पण नल म्हणजे 'माहीत नाही', आणि एक माहीत-नाही दुसऱ्या माहीत-नाहीच्या बरोबरीचं धरत नाहीत. म्हणून पोस्टग्रेसमध्ये २१७, १२ जून, सकाळ, नल ही ओळ दहा वेळा टाका, युनिक एकदाही अडवणार नाही. आवृत्ती १५ पासून 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' असं सांगून हे बदलता येतं. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर मात्र मुळातच एकच नल घेतो. कॉलम नॉट नल करणं सगळ्यात सरळ.

ओळखपाळख:

आणि प्रायमरी कीच्या कॉलमात नल मुळात चालत नाही, हे कोणीतरी नोंदवून ठेवा :-)

बॅकएंडकर:

नोंदवलं. तरी आयडी काढणार नाही.

शिकाऊ, नॉट नल करून युनिक लावण्याआधी जुने डुप्लिकेट काढावे लागतील. सभासद, दिनांक, वेळ यांवर ग्रुप बाय करा, ज्या गटात एकाहून जास्त ओळी आहेत ते हॅविंग लावून वेगळे काढा. लिटर आणि फॅट वेगळी असेल तर बहुधा गाय-म्हैस. सगळं तंतोतंत सारखं असेल तर दोनदा दाबलेलं सेव्ह.

गोठ्यावरून:

तंतोतंत सारखं असलं तरी लगेच पुसू नका. दूध जास्त असलं की लोक दोन कॅन आणतात. काही केंद्रांवर एकच नमुना काढून दोन्ही कॅनना तीच फॅट लावतात, आणि कॅन काठोकाठ भरलेले असले तर लिटरही सारखेच येतात. कॅनचा नंबर किंवा मोजल्याची वेळ टेबलात नसेल तर ती डबल एंट्री होती की दुसरा कॅन, हे आता त्या टेबलावरून कळणार नाही. सभासदाकडची कागदी पावती मागावी लागेल.