स्मोक डिटेक्टर विनाकारण वाजतो – बिघडलाय का?

कोरडा_पंखा
छतावर बॅटरीवर चालणारा स्मोक डिटेक्टर आहे, शेगडीपासून दोनेक मीटरवर. तवा जरा जास्त तापला की कर्कश वाजतो, धूर डोळ्यांना दिसतही नसतो. शिवाय पहाटे दर मिनिटाभराने एकदा 'टिक' करतो. टेस्टचं बटण दाबलं की व्यवस्थित वाजतो. बदलावा का?

तारतम्य
दोन वेगळ्या भानगडी आहेत. ती टिकटिक म्हणजे बॅटरी उतरल्याची खूण. पहाटे तापमान सर्वांत कमी असतं, थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज मर्यादेच्या खाली जातं. दिवसा ऊब आली की टिकटिक थांबते, म्हणून दुर्लक्ष होतं. लेबलवर लिहिलेल्या प्रकारचीच नवी बॅटरी घाला. तरीही थांबली नाही तर मागची उत्पादनाची तारीख बघा. 10 वर्षं झाली असतील तर सरळ नवा घ्या.

अल्फा२४१
तव्याचं म्हणाल तर तुमच्याकडे बहुधा आयनीकरणाचा डिटेक्टर आहे. मागे किरणोत्साराचं चिन्ह किंवा 'अमेरिशियम-241' (त्यातला किरणोत्सारी पदार्थ) लिहिलंय का पाहा. त्यातून निघणारे अल्फा कण दोन पट्ट्यांमधल्या हवेचं आयनीकरण करतात, म्हणजे हवेत विद्युतभारित कण (आयन) तयार करतात, आणि अगदी बारीक प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. तापलेल्या तेलातून निघणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके सूक्ष्म असतात, पण संख्येने प्रचंड. याला तेच आधी कळतात. उलट गादी किंवा सोफा धुमसत असेल तर हाच प्रकार उशिरा जागा होतो.

दुसरा प्रकार फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाने धूर ओळखणारा. त्यात काळ्या कप्प्यात एक इन्फ्रारेड एलईडी असतो आणि त्याच्याशी कोन करून फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग. एरवी प्रकाश डायोडवर थेट पडत नाही. धूर शिरला की तो विखुरतो आणि थोडा डायोडपर्यंत पोचतो. धुमसणारी आग हा लवकर पकडतो, तव्यावर कमी चिडतो. मात्र बाथरूमच्या वाफेने फसतो, कारण पाण्याचे थेंबही प्रकाश विखुरतातच.

कोरडा_पंखा
चिन्ह आहे! मग तिथे हीट डिटेक्टर (धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा) लावला तर?

तारतम्य
स्वयंपाकघराच्या आत, हो. ठरावीक तापमानाचे बरेच डिटेक्टर 57 अंश सेल्सिअसच्या आसपास वाजतात. दुसरा प्रकार मिनिटाला साधारण 8 अंशांनी तापमान चढलं की. झोपायच्या खोलीत आणि बाहेरच्या वाटेत मात्र फोटोइलेक्ट्रिकच हवा. तिथे हीट डिटेक्टर वाजेपर्यंत खोली धुराने भरलेली असते. स्मोक डिटेक्टर शेगडीपासून किमान 3 मीटर, बाथरूमच्या दारापासून मीटरभर लांब लावा. पंख्याच्या झोतात नको, धूर पोचायच्या आत उडून जातो.

जाळीदार
एक राहिलं. फोटोइलेक्ट्रिकच्या कप्प्यात धूळ बसली की काळ्या भिंती प्रकाश परतवू लागतात आणि धुराशिवायच डिटेक्टर मर्यादेजवळ येऊन बसतो. जाळीतून घुसलेला किडाही तेच करतो. सहा महिन्यांनी मऊ ब्रश लावलेला व्हॅक्यूम बाहेरूनच फिरवा. ओलं फडकं, स्प्रे नको. आणि बटणावर फार विसंबू नका: भोंगा आणि सर्किट चालू असल्याचं त्याने कळतं, जाळी तुंबली आहे का ते नाही. त्यासाठी चाचणीचा कृत्रिम धूर डब्यात मिळतो.

अल्फा२४१
जुना काढल्यावर त्याचा कप्पा उघडू नका. अल्फा कण कागदानेही अडतात, पण तो पदार्थ खरवडून श्वासात गेला तर घातक. निर्मात्याने लेबलवर सांगितलेल्या पद्धतीनेच टाकून द्या.