वांगणीचे ते दृश्य आणि दिरांचे एक वाक्य

मंदाकिनी_क
वांगणी स्थानकावर १७ एप्रिल २०२१ रोजी रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळांवर पडलेल्या मुलाला समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसपुढून उचलून फलाटावर चढवले, त्याचे सीसीटीव्ही चित्रण मी परवा पुन्हा पाहिले. फलाटाच्या कडेशी चाचपडणारे त्या अंध आईचे हात दिसले आणि गळा दाटून आला. चित्रण घरच्या ग्रुपवर पाठवताच धाकट्या दिरांनी लिहिले, "रेल्वेचा माणूस, कामच आहे त्याचे." त्यानंतर तेच दृश्य पाहताना मन कोरडे राहिले. दृश्य तेच, डोळे तेच. मग त्या एका वाक्याने केले तरी काय?

सांधेवाल्याचा_नातू
शेरा वाचला की आपण माणसाकडे पाहायचे सोडून त्याच्या हेतूचा हिशेब मांडू लागतो आणि गहिवर तिथेच आटतो. शिवाय दिरांचा मुद्दा वस्तुस्थितीलाही धरून नाही. पॉइंट्समनला आमच्याकडे सांधेवाला म्हणत. गाडीचा मार्ग बदलणारे रुळांचे सांधे आणि झेंडे सांभाळणे हे त्याचे काम. धावत्या गाडीसमोर रुळांवरून पळणे कोणत्याही नेमणूकपत्रात नसते.

वि. रा. देव
कौतुकाचे शेरेही निरुपद्रवी नसतात. 'देवदूत' म्हटले की आपण हात जोडून मोकळे होतो, कारण देवदूताची बरोबरी करण्याची अपेक्षा आपल्याकडून कोणी करत नाही. आपल्यालाही धोका आहे, हा विचार त्या वेळी मनात आला होता, असे स्वतः शेळके यांनी नंतर सांगितले होते. मला तर त्या कबुलीनेच अधिक हलवले. पुढे मिळालेल्या ५० हजारांच्या बक्षिसातील निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. हे शेऱ्यांच्या गर्दीत किती जणांनी वाचले असेल, कोण जाणे.

अनघा_प
मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत, इतर सर्व जण रेषेची लांबी चुकीची सांगत असताना एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुकीच्या उत्तरामागे जाणाऱ्यांचे प्रमाण बरेच घटत असे. ते प्रयोग भावनांविषयी नव्हते, तरीही ग्रुपवर तुम्ही गप्प बसू नये, असे मला वाटते.

मंदाकिनी_क
बक्षिसाची हकीकत ग्रुपवर लिहिली. दिरांचे उत्तर अजून आलेले नाही. काल मात्र कोणताही शेरा न दाखवता सासूबाईंना ते चित्रण दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि एवढेच विचारले, "पोर वाचले हे त्या माउलीला कधी गं कळले असेल?"