लाइनला इन्सेंटिव्ह गटाचा हवा की ज्याचा त्याचा?

शॉपफ्लोअरवाला
आमच्या प्लांटमध्ये (चाकण पट्टा, नाव नको) आजवर इन्सेंटिव्ह अख्ख्या लाइनला मिळायचा. टार्गेटच्या वर माल गेला की रक्कम हजेरीप्रमाणे सगळ्यांत वाटली जायची. आता वरून फर्मान आलंय: ज्याचा काउंट त्याचा इन्सेंटिव्ह. प्रत्येक स्टेशनवर स्क्रीन, त्यावर नाव आणि आकडा. माझा ठाम विरोध आहे.

माणूस किती काम करणार हे पगारापेक्षा शेजारचे जास्त ठरवतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजची उपकरणं जोडणाऱ्या १४ कामगारांना वेगळ्या खोलीत बसवून कित्येक महिने न्याहाळलं होतं. कंपनीच्या हिशेबाने तारा जोडणाऱ्या प्रत्येकाकडून दिवसाला ७३१२ जोड व्हायला हवे होते. पोरांनी आपसांत ६६०० पुरेसे ठरवले होते. तेवढे झाले की हात ढिला. कुणी फार पळायला लागला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा हाणायचा. खेळीमेळीतच, पण समजायचं ते समजायचं. फार काढणारा वाईट, फारच कमी काढणारा वाईट, साहेबाचे कान भरणारा तर सगळ्यात वाईट. गटात एवढी ताकद असेल तर तो आपल्या बाजूने वळवायचा की स्क्रीन लावून फोडायचा?

हिशेबनीस
असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. त्या खोलीतल्या कामगारांची मजुरी गटाच्या उत्पादनावरच ठरत होती. म्हणजे तुम्हाला हवी तीच पद्धत. तरी त्यांनी माल रोखून धरला. मग गटाच्या पैशाने साधलं काय?

रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती, निष्कर्ष १९१३ मध्ये छापले. माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर उतरत गेला. आठ जण झाले तेव्हा माणशी जोर निम्म्यावर आला होता. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच पुन्हा तपासलं. कोणाचा वाटा किती हे दिसत नसेल तर माणूस अंग राखतो. तुमची स्क्रीन तेच दाखवणार आहे. खरं काम करणाऱ्याला तिची भीती का वाटावी?

कॉटनवेस्ट
भीती का वाटावी ते सांगतो. भोसरीत पीस रेटवर, म्हणजे नगामागे ठरलेल्या दरावर, लेथ चालवलाय मी. टाइम स्टडीवाला घड्याळ घेऊन शेजारी उभा राहिला की सगळ्यांचे हात आपोआप जड व्हायचे. जास्तीचे पीस खोक्याच्या तळाशी, वर कॉटन वेस्ट पसरलेलं. मशीन बंद पडेल त्या दिवशी ते बाहेर निघायचे. एका नव्या गड्याने महिनाभर जोर लावून बक्कळ पैसे उचलले, पुढच्या महिन्यात सगळ्या खात्याचा रेट खाली. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकड्यावर कुणी डबा उघडेना.

हॉथॉर्नच्या पोरांनाही हीच धास्ती होती: जास्त काढलं तर रेट कापतील नाहीतर माणसं. साल बघा ना, मंदी होती. ते निरीक्षण मे १९३२ मध्ये थांबलं तेही कामच उरलं नाही म्हणून! गटाचा की एकट्याचा हा वाद दुय्यम आहे हो. रेट लेखी द्या, मशीन बदलल्याशिवाय हात लावणार नाही असं कबूल करा. मग बघा खोक्याच्या तळाशी काही उरतं का.

मीनल_हिंजवडी
कॉटनवेस्टकाका, +१.
आमच्याकडे कारखाना नाही, पण स्क्रीनऐवजी बेल कर्व्ह आहे. टीम कितीही चांगली असो, कुणीतरी तळाला बसवायचंच. परिणाम म्हणजे अप्रेझल जवळ आलं की नव्या पोराने साधी शंका विचारली तरी "डॉक्युमेंट वाच ना" असं उत्तर मिळतं. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड २०१३ मध्ये मोडीत काढली. आपल्याकडच्या एचआरला तेव्हा ती नुकतीच गोड लागायला लागली होती. (ह. घ्या.)

हिशेबनीस
मीनल, बेल कर्व्हला माझाही विरोध आहे, पण ती वेगळी गोष्ट. तिथे एक वर गेला की दुसरा खाली ढकलला जातो. काउंटवरच्या पैशात तुमचं वाढलं म्हणून माझं घटत नाही. आणि चांगला ऑपरेटर काय पाहतो ते कुणी बोलत नाहीये. तो वर्षभर इतरांचा भार ओढतो, वाटा सगळ्यांएवढाच. मग शेजारच्या कंपनीत जरा जास्त मिळालं की जातो. मागे राहतात ते कोण?

शॉपफ्लोअरवाला
हॉथॉर्नचा मुद्दा मान्य, पण त्याच कारखान्यातली रिले (टेलिफोनमधला एक छोटा स्विच) जोडणाऱ्या मुलींची खोली विसरू नका. १९२७ मध्ये सुरू झालेली. आधी त्यांची मजुरी शंभरेक जणींच्या उत्पादनावर ठरायची, इथे सहा जणींचाच हिशेब वेगळा केला. उत्पादन चढत गेलं. गट डोळ्यांत मावेल एवढा हवा.

हिशेबनीस
फार गप्पा मारतात म्हणून त्यातल्या दोघींना जानेवारी १९२८ मध्ये काढून दुसऱ्या आणल्या होत्या, तेही सांगा. माणसं बदलून गट गोड करणं कुणालाही जमेल.

मावळकर
गाव आमचं मावळात, चुलते मुंबईत डबे पोचवायचे, म्हणून लिहितो. तिथे गटातल्या सगळ्यांना सारखा वाटा. तरी कुणी अंग राखत नाही, कारण गटात शिरताना पैसे भरावे लागतात, मुकादम आपल्यातलाच, गिऱ्हाइकं कुणाची ते सगळ्यांना पाठ, आणि टोपी नसली तरी दंड. बहुतेक जण मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडचे. एकाने घाण केली तर गावच्या जत्रेपर्यंत बोभाटा. सारखा वाटा चालतो तो एवढं सगळं पाठीशी असेल तर. तुमच्या लाइनवर कोण कुणाला निवडून घेतं?

दुसरी_पाळी
पहिल्यांदाच लिहितेय. मी अशाच एका लाइनवर आहे, ठेकेदाराकडून. माझ्या डावीकडचा दादा पर्मनंट, उजवीकडची मुलगी ट्रेनी. बोल्ट तोच, टॉर्कगन तीच, पगार तीन प्रकारचे. इन्सेंटिव्ह गटाचा असो की एकट्याचा, आमचं नाव यादीत नसतं. टार्गेट हुकलं की मात्र सुपरवायझर पहिल्यांदा आमच्याकडे बघतो. मागच्या महिन्यात दादाने मला हळूच म्हटलं, "जरा हात चालव, चार पीस राहिलेत." मी म्हटलं, तुमचे राहिलेत. वाईट वाटलं त्यांना, पण खोटं काय होतं?

कॉटनवेस्ट
ताई, बरोबर बोललात.

शॉपफ्लोअरवाला
आमच्याही लाइनवर अर्ध्याहून जास्त जण ठेक्यावर आहेत. मी म्हणत होतो तो गट त्यांना वगळूनच. सोमवारी मीटिंग आहे. तिथे मागणार: इन्सेंटिव्ह लाइनचाच ठेवा, लाइनवर उभा आहे त्या प्रत्येकाला धरा, आणि दर लेखी द्या. ठेकेदाराच्या बिलात कसं बसवायचं ते अकाउंट्सवाल्यांनी बघावं.

हिशेबनीस
ते म्हणतील एवढीच रक्कम आहे, सगळ्यांत वाटा. मग पर्मनंटवाल्यांचा वाटा निम्म्यावर. युनियन मानेल?

शॉपफ्लोअरवाला
पहिल्या बैठकीत नाही मानणार. त्यांचा आमच्या शॉपमधला प्रतिनिधी उद्या माझ्याच शिफ्टला आहे, त्याच्याशी आधी बोलतो.