नवव्या क्रमांकाची निवड सोडू नये

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. २०२४ च्या ड्राफ्टआधी तुमचं म्हणणं होतं, शिकागो बेअर्सने नववी निवड दुसऱ्या संघाला देऊन खाली सरकावं आणि बदल्यात जास्त निवडी घ्याव्यात. ते कळतं. तेव्हा बेअर्सकडे चारच निवडी होत्या, दुसऱ्या फेरीतली तर बचावपटू मॉन्टेझ स्वेटला आणण्यासाठी गेली होती. तरी मला पटलं नाही. पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) केलेब विल्यम्स येणार हे जवळपास ठरलं होतं, मग त्याच्यासोबत वाढेल असा तरुण रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) हवाच होता. संघातल्या रिसीव्हरांपैकी डीजे मूर होता, पण कीनन ॲलन बत्तिशीला टेकला होता आणि त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. तरुण रिसीव्हर रोम ओडुन्झे नवव्यापर्यंत उरला तर डोळे मिटून घ्यावा, असं माझं मत होतं. २०१७ ला बेअर्सने पुढे महान ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स सोडून मिचेल ट्रुबिस्की घेतला, ती जखम अजून ओली आहे! आणि क्वार्टरबॅक आणून त्याला एकटं पाडायचं, हे जस्टिन फील्ड्सच्या वेळी बघून झालंय.