बेळगाव-निपाणीकडून घरबसल्या एमएससी दर्जाचं खगोलशास्त्र: सुरुवात कुठून करावी?

निपाणीचा मास्तर
नमस्कार. बीएस्सी झालंय (फिजिक्स, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स), राणी चन्नम्मा विद्यापीठातून. निपाणीत हायस्कूलला शिकवतो. नोकरी सोडून पुण्याला किंवा बेंगळुरूला राहणं शक्य नाही. खगोलशास्त्र पदव्युत्तर पातळीवर ऑनलाइन शिकायचं आहे. परदेशी विद्यापीठाची पदवी घ्यावी का? इथे ती चालते का? शाळा मराठी माध्यमाची होती, इंग्रजीत लिहिण्याचा सराव बेताचा आहे. फी भरण्याआधी झेपेल की नाही हे कसं ओळखायचं?

घटप्रभा
सर, पदवी नोकरीसाठी हवी आहे की विषयासाठी, हे आधी ठरवा. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

पीयू कॉलेजवर लेक्चरर व्हायचं असेल तर फिजिक्समधली एमएससी आणि बीएड लागते. तिथे ऑनलाइन खगोलशास्त्राची परदेशी पदवी कामाला येणार नाही. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीचे २०२५चे नियम आहेत आणि शिक्षण प्रत्यक्ष वर्गात हजर राहून झालेलं असावं अशी अट त्यात आहे. म्हणून नोकरीचा विचार असेल तर इग्नूची फिजिक्स एमएससी बघा. प्रॅक्टिकल्सना केंद्रावर जावंच लागतं, त्या दिवसांची रजा आधीच धरून चाला.

विषयासाठी असेल तर मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ऑनलाइन चालत आला आहे. सर्टिफिकेट ४ विषयांचं, डिप्लोमा ८, मास्टर्स १२. यंदा प्रवेश खुले आहेत का ते अर्ज करायच्या आधी तपासा. त्यात गणित बेताचं, लेखन आणि लेखी चर्चा भरपूर. शिक्षक आणि हौशी निरीक्षकांना तो छान जुळतो, पण पुढे पीएचडी करायची असेल तर पाया कमी पडतो. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलसंस्थांच्या प्रवेश परीक्षेत बीएस्सी-एमएससी पातळीचं फिजिक्स विचारतात. ब्रिटनमधली मास्टर्स साधारण १८० क्रेडिटची, त्यात ६० क्रेडिट प्रकल्पाचे. खरं शिक्षण त्या ६० मध्ये होतं. म्हणून मार्गदर्शक आठवड्याला किती वेळ देतात हे प्रवेशाआधी ईमेलने विचारून घ्या.

कागदपत्रांचं: बीएस्सी इंग्रजी माध्यमातून झाली असं पत्र कॉलेजकडून घेऊन ठेवा. काही विद्यापीठं त्यावर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा माफ करतात. ट्रान्सक्रिप्ट सीलबंद मागतात, तेव्हा विद्यापीठाकडे अर्ज लवकर टाका. फी परदेशी पाठवण्यासाठी बँकेत ए-टू फॉर्म भरताना परदेशी जाऊन शिकण्याचा कोड घालू नका. घरबसल्या अभ्यासक्रमाच्या फीला वेगळा कोड आहे, काउंटरवर नेमकी तिथेच चूक होते.

कृत्तिका
झेपेल की नाही हे ओळखायला एक पैसाही लागत नाही. गाया उपग्रहाची तिसरी माहिती-आवृत्ती (डीआर३, जून २०२२) सगळ्यांना खुली आहे. तिच्यातून कृत्तिका तारकागुच्छाची वर्ण-प्रत आकृती काढा, म्हणजे ताऱ्यांचा रंग आणि तेजाची प्रत (मॅग्निट्यूड) यांचा आलेख. शेवटपर्यंत गेलात आणि प्रत्येक पायरीचं कारण सांगता आलं, तर पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटला भ्यायचं कारण नाही.

गायाच्या ऑनलाइन संग्रहात एडीक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत प्रश्न लिहायचा. केंद्र विषुवांश (आरए) ५६.७५ अंश, क्रांती (डेक्लिनेशन) +२४.१२ अंश, त्रिज्या ३ अंश. पराशय (पॅरॅलॅक्स, यावरून अंतर कळतं) ६.९ ते ७.९ मिलीकंस, म्हणजे कंससेकंदाचे हजारावे भाग. निजगती (ताऱ्याचं आकाशातलं सरकणं) विषुवांशात २० आणि क्रांतीत -४५ मिलीकंस प्रतिवर्ष, याभोवती ६ च्या वर्तुळात. शिवाय पराशय भागिले त्याची त्रुटी १० पेक्षा जास्त आणि आरयूडब्ल्यूई (मापन एकट्या ताऱ्याशी किती जुळतं याचा आकडा) १.४ पेक्षा कमी. काहीशे तारे उरतील. ते टॉपकॅट या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

निरपेक्ष प्रत (१० पारसेकवरून दिसेल ती) = जी - १० + ५ लॉग(पराशय), जी म्हणजे गायाने मोजलेली दृश्य प्रत, पराशय मिलीकंसात, लॉग १० च्या पायाचा. ७.४ मिलीकंस म्हणजे सुमारे १३५ पारसेक, म्हणून दृश्य आणि निरपेक्ष प्रतीत सुमारे ५.६५ चा फरक यायला हवा. तुमचा फरक १५ प्रतींनी चुकला तर मिलीकंसाचं सूत्र आणि कंसाचं सूत्र यांची सरमिसळ झाली आहे, कारण हजारपट म्हणजे ५ गुणिले ३. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

आकृतीत मुख्य अनुक्रमाच्या (बहुतेक तारे ज्या पट्ट्यात पडतात त्याच्या) वर सुमारे ०.७५ प्रतीवर दुसरी बारीक रेघ दिसेल. तो दोष समजून पुसू नका. सारख्या ताऱ्यांची जोडी एकच ठिपका म्हणून दिसते, प्रकाश दुप्पट होतो, आणि २.५ लॉग २ म्हणजे ०.७५. आरयूडब्ल्यूईची अट काढून पुन्हा आलेख काढला तर काही जोड्या परत येतात, कारण ती अट मुळात जोड-ताऱ्यांनाच गाळते. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या कृत्तिकाही अशा गाळणीत निसटू शकतात, फार तेजस्वी ताऱ्यांचं मापन गायाला अवघड जातं. कुठली गाळणी कोणते तारे फेकते हे लिहून काढा. ते दोन पानं इंग्रजीत लिहिलं की तुमच्या लेखनाचीही परीक्षा होते. वाक्यं स्वतःची ठेवा, बरीच परदेशी विद्यापीठं निबंध टर्निटिन या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासतात.

हे जमलं की नासाच्या टेस उपग्रहाचा डेटा घेऊन वास्प-१८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जातो ते ग्रहण बघा: आवर्तकाळ ०.९४ दिवस, खोली जवळपास १ टक्का. पायथनच्या लाइटकर्व पॅकेजमध्ये फ्लॅटन ही आज्ञा ताऱ्याचे संथ चढउतार सपाट करते, तिची खिडकी मूळ १०१ बिंदूंची असते. २ मिनिटांच्या मापनात ती ३.४ तासांची होते, ग्रहण २ तासांहून थोडं जास्त, म्हणजे खिडकी ग्रहणच गिळायला लागते आणि खोली कमी येते. खिडकी ४०१ ते ६०१ करा, किंवा ग्रहणाचे बिंदू झाकून मग सपाट करा.

निपाणीचा मास्तर
मनापासून धन्यवाद, दोघांनाही. दुर्बीण आणि कॅमेरा घ्यावा का? खानापूर-जांबोटीकडे अंधार चांगला आहे. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, पुरेल का?

सौंदत्तीचा वारा
दुर्बिणीचं आत्ता नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे आकाशच मिळत नाही आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाची असाइनमेंट पावसाची वाट बघत नाही. खानापूरला अंधार आहे हे खरं, पण घाटाच्या कडेला ढग आणि दमट हवा दसऱ्यानंतरही रेंगाळते. निरीक्षणाला अथणी-सौंदत्तीची बाजू बरी, तिकडे हवा कोरडी.

पुढे कधी घेतलीत तर एक ध्यानात ठेवा. बेळगावचा अक्षांश १५.८ अंश, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून १६ अंशांवरच. विषुववृत्तीय माउंट (ध्रुवाकडे रोखून तारा मागे धरणारा दुर्बिणीचा आधार) इतका खाली वाकवला की काहींचे काउंटरवेट तिपाईच्या पायाला अडतात, विकत घेण्याआधी किमान अक्षांश विचारा. दक्षिणेचं ओमेगा सेंटॉरी हे तारकागुच्छ आपल्याकडे जेमतेम २७ अंश चढतं. तिथे प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा सव्वादोनपट हवा ओलांडून येतो, तेव्हा प्रतिमापनात (ताऱ्याचं तेज मोजताना) तुलनेचा तारा अगदी जवळचा घ्या.

८ जीबी रॅम कृत्तिका आणि टेसला पुरते. अडचण प्रतिमांची. ४०९६ गुणिले ४०९६ ची १६ बिटची एक फिट्स फाइल (खगोलाच्या प्रतिमांचा नेहमीचा प्रकार) ३३ एमबीची. पायथन तिला ६४ बिटमध्ये नेतं तेव्हा १३४ एमबी होते. अशा ५० एकदम उघडल्या की ६.७ जीबी, लॅपटॉप तिथेच बसतो. एकेक उघडा आणि ३२ बिटमध्ये ठेवा. पैसे घालायचेच असतील तर रॅम १६ करा आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. हेस्कॉमची वीज ऑनलाइन परीक्षेच्या मध्येच गेली तर प्रॉक्टरवाली (परीक्षेवर नजर ठेवणारी) खिडकी बंद पडते.

फिजिक्स ताजं करायला एनपीटेलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स घ्या. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षा फी. असाइनमेंट २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळे शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत एखाद-दुसरी चुकली तरी चालतं. आधी क्वांटम आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, मग खगोलभौतिकी. उलट क्रमाने गेलात तर ताऱ्यांच्या गाभ्यातल्या समीकरणांशी येऊन अडाल.